बरणीतलं पंच्याहत्तर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनीने मला हाक मारून ओसरीच्या कोपऱ्यात नेलं. चार दिवसांपूर्वी तिने तिथे काचेच्या वाटीत मूठभर जाडं मीठ ठेवलं होतं. "मिठाक पाणी सुटलें, पळय!" घरच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी धाडलं होतं की कोपऱ्यात ठेवलेलं मीठ वास्तूतली नकारात्मक ऊर्जा ओढून घेतं. ऊर्जा भरली की मिठाला पाणी सुटतं, मग ते वाहत्या पाण्यात सोडायचं आणि नवं ठेवायचं. वाटीत पाणी होतं हे खरंच. बोट बुडेल इतकं होतं.

मी एवढंच विचारलं, हीच वाटी जानेवारीत ठेवली असतीस तर? ती हसली. जानेवारीत आमच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी कशी खडखडीत कोरडी असते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणजे ही ऊर्जा मृगाबरोबर येते आणि दिवाळीनंतर निघून जाते. मग तिचा अंदाज वेधशाळेनेच द्यायला हवा.

पण वाटीतलं पाणी असं थट्टेवारी नेऊन सोडवत नाही. मे महिन्यात परसातली तोरां, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, मिठात चेपली ती वर्षभर का टिकतात, गेल्या साली माझी मिरची का मेली आणि पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, डबा जुलैत उघडा राहिला की पापड का बुरसतात, या तिन्हींचं उत्तर त्या वाटीत आहे. उत्तर म्हणजे एक आकडा: ७५.

एका बंद डब्यात थोडं पाणी ठेवा. पाण्यातले रेणू उडून हवेत जातात, हवेतले काही परत पाण्यात पडतात. थोड्या वेळाने जाणारे आणि येणारे सारखे होतात, त्या वेळी डब्यातली सापेक्ष आर्द्रता १०० टक्के असते. आता त्याच पाण्यात मीठ घालत जा, विरघळेनासं होऊन तळाशी थोडं उरेपर्यंत. डबा लावा. या वेळी आर्द्रता शंभराला पोचत नाही, ७५ वर येऊन थांबते. डबा मोठा असो की लहान, मीठ कुठल्याही गावचं असो, स्वयंपाकघरात जेवढा उकाडा-गारवा होतो तेवढ्याने हा आकडा जेमतेम हलतो. इतका भरवशाचा की आर्द्रतामापक तपासायला हीच युक्ती वापरतात. बाटलीच्या झाकणात ओलं मीठ घालून मी ते माझ्या मापकाबरोबर हवाबंद डब्यात ठेवलं. सकाळी मापकाने ७१ दाखवले. तेव्हापासून मी त्याच्या आकड्यात चार मिळवून वाचतो.

आता डबा उघडा. बाहेरच्या हवेत आर्द्रता ७५ पेक्षा कमी असेल तर मिठाचं पाणी उडून जातं आणि मीठ कोरडं होतं. जास्त असेल तर मीठ हवेतलंच पाणी घेतं आणि स्वतः त्यात विरघळतं. जुलैत पणजीची हवा बहुतेक वेळ ८५ च्या वर असते. वहिनीच्या वाटीने दुसरं काय करायचं होतं? त्यातून जाडं मीठ म्हणजे मिठागरातलं, त्यात मॅग्नेशियम क्लोराइड थोडं असतंच. ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी धरायला लागतं. म्हणून आगरवाड्याच्या बाजूचं मिठागरी मीठ पिशवीतल्या बारीक मिठाच्या आधी ओलावतं, आणि त्याची किंचित कडवट चवही त्यातूनच आलेली. आजकाल गुलाबी मिठाचं जे कौतुक चाललंय त्यातही मुख्य माल सोडियम क्लोराइडच. तोरांना रंगाने फरक पडत नाही, माझ्या खिशाला पडतो.

बरोबर ७५ च का? पुढचे दोन परिच्छेद आकडेमोडीचे आहेत. नको असतील तर खुशाल ओलांडा, मला ते गाळवत नाहीत. १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. १०० ग्रॅम पाणी म्हणजे ५.५५ मोल रेणू (मोल हे डझनासारखंच कण मोजायचं माप, फक्त अतिप्रचंड). ३६ ग्रॅम मीठ म्हणजे ०.६१ मोल, पण विरघळताना मिठाचे दोन तुकडे होतात, सोडियमचा एक आणि क्लोरिनचा एक, म्हणून कण १.२३ मोल. एकूण कण ६.७८, त्यातले पाण्याचे ५.५५, म्हणजे १०० तले ८२. पृष्ठभागावरून उडू शकणारे रेणू त्याच प्रमाणात घटतात, हे फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ राउल्ट याने १८८० च्या दशकात दाखवलं. त्याच्या नियमाने उत्तर ८२ यायला हवं आणि प्रत्यक्षात येतं ७५. मधले सात कुठे गेले? मिठाचा विद्युतभार असलेला प्रत्येक तुकडा, म्हणजे आयन, आपल्याभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं धरून बसतो. ते रेणू बरणीत आहेत, वजनात भरतात, पण उडायला मोकळे नाहीत.

साखरेचंही करून पाहू. १०० ग्रॅम पाण्यात साखर तब्बल २०० ग्रॅम विरघळते. पण साखरेचा रेणू अवजड, शिवाय तो विरघळताना तुटत नाही, म्हणून २०० ग्रॅमचे कण भरतात फक्त ०.५८ मोल. हिशेबाने ९०, प्रत्यक्षात ८५ च्या आसपास. म्हणजे ३६ ग्रॅम मीठ जे करतं ते २०० ग्रॅम साखरेला जमत नाही. वजन महत्त्वाचं नाही, डोकी मोजायची. आमच्या आईचा मोरंबा ऑगस्टमध्ये कधी वर फसफसायचा, कधी पांढरा पडायचा, आणि शेजारच्या बरणीतली तोरां शांत असायची. ती म्हणायची, साखर कमी पडली. साखर तिने भरपूरच घातलेली असे.

खाण्यात पाणी किती आहे हे विचारून भागत नाही, त्यातलं मोकळं किती हे विचारावं लागतं. याला पाण्याची सक्रियता म्हणतात आणि ती ० ते १ मध्ये मोजतात. शुद्ध पाणी १, संपृक्त मिठवणी, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही असं मिठाचं पाणी, ०.७५. ऑस्ट्रेलियाच्या विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ मध्ये स्टॅफिलोकॉकस हा जंतू वेगवेगळ्या अन्नांत, वेगवेगळ्या पद्धतीने पाणी कमी करून वाढवून पाहिला. मीठ घालून असो की वाळवून असो, सक्रियता ०.८६ च्या आसपास आली की तो थांबायचा. पाणी कशाने बांधलं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. अन्न टिकवण्याचं आजचं सगळं शास्त्र या एका कल्पनेवर बरंचसं उभं आहे. बहुतेक जंतू ०.९१ ला हात टेकतात, बहुतेक यीस्ट ०.८८ ला, नेहमीच्या बुरशा ०.८० ला, आणि ०.६० च्या खाली काहीच वाढत नाही.

ते का थांबतात हे तवशाच्या, म्हणजे काकडीच्या, कोशिंबिरीत रोज दिसतं. चिरलेल्या तवशाला मीठ लावून पाच मिनिटं ठेवलं की ताटलीत पाणी जमतं. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी जिथे जास्त मोकळं आहे तिथून जिथे कमी मोकळं आहे तिथे जातं. शाळेत याला परासरण म्हणून शिकलो. जंतूही एक पिशवीच. संपृक्त मिठवणी त्याच्या पिशवीतलं पाणी ज्या जोराने ओढते तो जोर दाबात मांडला तर जवळपास ३८५ वातावरणं, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ३८५ पट होतो. जंतू मरतोच असं नाही हं, "मिठाने जंतू मरतात" हे अर्धवट आहे. पुष्कळसे नुसते कोमेजून पडून राहतात आणि पाणी मिळालं की उठतात.

काही बहाद्दर तर मिठातच राहतात. उन्हाळ्याच्या शेवटी मिठागरातलं पाणी कधी गुलाबी दिसतं, खाऱ्या माशांवर कधी तांबूस थर येतो, तो याच मंडळींचा. त्यांनी आपल्या पेशीतच पोटॅशियमचं मीठ भरून घेतलेलं असतं, त्यामुळे बाहेर ओढ लागत नाही. गोड्या पाण्यात टाकलं की उलट ते फुटतात. आंबटपणा मात्र त्यांना सोसत नाही, त्यामुळे तोरांच्या वाटेला ते जात नाहीत.

आता तोरांकडे येऊ. कोय टणक होण्याआधीची कोवळी कैरी म्हणजे तोर. आमच्या परसातलं झाड रायवळ आहे, पिकल्यावर फळ धड नाही, तोरांसाठी मात्र सोनं. सकाळी काढलेली तोरां देठाचा चिमूटभर तुकडा ठेवून घ्यायची, धुवायची, पंचावर पसरून एकेक पुसायची. मग बरणीत मिठाचा थर, तोरांचा थर, परत मीठ, आणि सर्वांत वर ताटली ठेवून नदीतला गोटा. तिसऱ्या दिवशी गोट्याच्या कडेने पाणी वर आलेलं दिसतं. बाहेरून पाण्याचा थेंब घातलेला नसतो, ते सगळं तोरांचंच. महिनाभरात टणक हिरवा गोळा सुरकुतून, चपटा होऊन, शेवाळी रंगाचा होतो. पावसात उकड्या तांदळाची पेज आणि हे एक तोर, एवढ्यावर माणूस जेवतो.

तोर लहान का घ्यायची? मीठ आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, दुप्पट जाडीला चौपट वेळ. कोयीजवळ मीठ पोचायच्या आत तिथे सडणं सुरू झालं तर बरणी गेली. मोठी कैरी असेल तर फोडी कराव्यात. आणि मीठ किती? आईचं माप चार शेर तोरांना शेरभर मीठ. किलोभर तोरांत ८५० ग्रॅम पाणी धरलं तर २५० ग्रॅम मिठाने सक्रियता ०.८० च्या आसपास येते, पूर्ण संपृक्त करायचं तर ३०० ग्रॅम लागेल. म्हणजे तिचं माप बुरशीच्या उंबऱ्यावरच उभं आहे. उरलेलं काम तोराचा आंबटपणा करतो आणि गोटा करतो. गोट्याखाली सगळं बुडलेलं राहतं, आणि बुरशीला हवा लागते. मीठ वाटीने मोजू नका, वजनाने घ्या. वाटीभर बारीक मीठ वाटीभर जाड्यापेक्षा बरंच जास्त भरतं.

"ओलो हात लायनाका" हे वाक्य बरणीबरोबर वारसाहक्काने येतं. एक थेंब पाणी एवढ्या मिठात कुठे लागणार, असं मलाही वाटायचं. पण संपृक्त मिठवणी पाण्यापेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी जड असते. ओल्या चमच्याचा थेंब त्यात लगेच मिसळत नाही, वर तरंगतो. झाकणाच्या आत धरलेल्या दवाचंही तेच. वरच्या कागदाएवढ्या थरात सक्रियता ०.९५ होते, आणि हवा नेमकी तिथेच असते. बुरशीला एवढी जागा पुरे. खालच्या बरणीभर मिठाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून पंधरा दिवसांनी कोरड्या कालथ्याने बरणी तळापासून हलवायची. आणि पाळीच्या दिवसांत बाईने बरणीला हात लावला की लोणचं नासतं म्हणतात, त्याबद्दल इतकंच सांगतो: बुरशीला ओला हात कळतो, तो कुणाचा ते कळत नाही. आमच्या घरी आईने हा नियम कधीच मोडीत काढला. बरण्या आहेत तशाच आहेत.

आंबटपणाचा विषय निघालाच आहे तर एक धोक्याची गोष्ट. परदेशी व्हिडिओ बघून हल्ली कुणी भेंडी, कुणी मशरूम, कुणी तेलातला लसूण बाटलीत भरून, उकळून, झाकण घट्ट लावून फडताळात ठेवतात. बॉट्युलिझमचा जंतू मातीत असतो, त्याचे बीजाणू १०० अंशांच्या उकळण्याने मरत नाहीत, प्रेशरखाली १२१ अंश लागतात. बंद बाटलीत हवा नसते, त्याला तेच हवं असतं. त्याचं विष माणूस मारतं, आणि बाटलीला वास येईलच असं नाही. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट; पीएच ४.६ च्या खाली तो वाढू शकत नाही. कैरी, बिंबलं, लिंबू, भिरंडाची (कोकमाची) सोलां ही सगळी त्याच्या खूप खाली. भेंडी आणि तांबडी भाजी वर. परसात भेंडी जास्त झाली तर शेजारी वाटावी, किंवा काप करून वाळवावी. तेलाने जंतू मरत नाहीत, तेल फक्त हवा अडवतं, आणि या जंतूच्या बाबतीत ती त्याची सेवाच होते.

आता माझी मिरची. काणकोणातल्या खोल गावच्या मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तिचं बी लावून पाहायची हौस होती. परसात पाच रोपं जगली. मार्चमध्ये एकेका झाडावर पन्नासेक मिरच्या. त्याच सुमारास जुनी बरणी रिकामी केली, तळाला तांब्याभर मिठवणी उरली होती. माडाच्या मुळात मीठ घालतात हे लहानपणापासून पाहिलेलं. मग मिरचीने काय घोडं मारलंय? ओतली. दुसऱ्या दिवशी दुपारी झाड मान टाकून उभं. मी घाईने पाणी घातलं. माती ओली चिंब आणि झाड तहानेने कोमेजलेलं. चौथ्या दिवशी पानं कडेने करपली.

मुळं पाणी ओढतात ती याच परासरणाने, आणि त्यांच्या ओढण्याला मर्यादा असते. बहुतेक पिकांसाठी ती साधारण १५ वातावरणं मानतात, त्यापुढे माती पाणी सोडत नाही. समुद्राच्या पाण्याची ओढच २५ च्या वर आणि माझ्या मिठवणीची ३०० च्या घरात. मातीत पातळ झाली तरी पंधराच्या वरच राहिली असणार. तवशाच्या ताटलीत जे झालं तेच मुळाशी झालं, फक्त मी ते कोशिंबीर म्हणून केलं नव्हतं. माड समुद्राकाठचा गडी, त्याला मीठ चालतं, क्लोराइड तर मानवतंही. युरिया मूठभर जास्त पडला की रोप जळतं म्हणतात ते जळणंही हेच.

मडकईकडची खाजनं, म्हणजे खाडीकाठची सखल शेतं, पाहिली की हे आणखी पटतं. भरतीचं खारं पाणी बांद आणि मानशी (बांधातले पाण्याचे दरवाजे) अडवतात, पहिल्या पावसाने वरच्या मातीतलं मीठ धुऊन जातं, आणि मगच तिथे कोरगूट पेरतात, खाऱ्या जमिनीला सोसणारं भात. माझ्या मिरचीच्या जागीही जून-जुलैचा पाऊस पडला. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर कोसळतो तो काही उगाच नाही. श्रावणात तिथे तवशाचा वेल चढला आणि त्याने कसलीच तक्रार केली नाही.

उरलेल्या चार झाडांच्या मिरच्या वाळवल्या. वाळवण्यात मीठ नसतं, पण हिशेब तोच, फक्त उलटा. वाळलेला पदार्थ उघडा ठेवला की तो हवेशी बरोबरी साधत जातो. हवा ८८ टक्के असेल तर मिरचीची सक्रियता हळूहळू ०.८८ कडे सरकते, आणि ०.८० ओलांडली की बुरशी जागी होते. एप्रिलमध्ये तुम्ही कितीही कडकडीत वाळवा, जुलैची हवा ते चार दिवसांत पुसून टाकते. म्हणून पुरुमेंताचं अर्धं यश उन्हात असतं आणि अर्धं झाकणात. मडगावला होली स्पिरिट चर्चपाशी भरणाऱ्या पुरुमेंताच्या फेस्तात लोक सुकी मिरची, सोलां, खारे मासे घेऊन जातात. हा शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'चा, म्हणजे बेगमी. तिथला माल घरी आणून पिशवीतच ठेवला तर गणेशचतुर्थीपर्यंत त्याची वाट लागते. बुरसलेली मिरची पुसून, भाजून वापरू नका. काही बुरशांचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजण्या-शिजवण्याला दाद देत नाही.

झाकणाचे डबे नव्हते तेव्हा काय करत? चुलीवरचा माळा. सोलां, सुके मासे, मिरच्या सगळं धुराच्या वर टांगलेलं. धुराचा उपयोग होताच, पण खरी गंमत उबेची. २७ अंशांची ९० टक्के आर्द्र हवा ४० अंशांपर्यंत तापली की तेवढ्याच पाण्यात तिची सापेक्ष आर्द्रता ४३ च्या आसपास येते, कारण गरम हवेला पाणी जास्त मावतं. बाहेर धो धो पाऊस आणि माळ्यावर जानेवारी.

फणसाच्या बिकणांना मात्र यातलं काही लावू नका. त्यांना आजी लाल मातीत लोळवून ठेवायची, वाळवायची नाही. फणसाचं बी वाळलं की मरतं, ते ओलं राहिलं तरच जिवंत राहतं. जिवंत बी स्वतःची राखण स्वतः करतं. त्यावर वेगळा लेख होईल.

वहिनीची वाटी अजून कोपऱ्यात आहे. संदेशावरचा तिचा विश्वास उडाला की नाही मी विचारलेलं नाही. पण या वर्षी मिठाला पाणी सुटलेलं दिसल्यावर ती नाल्याकडे न जाता आधी स्वयंपाकघरात गेली आणि पापडाच्या डब्याचं झाकण दाबून पाहून आली.